शास्त्रज्ञाची आरोग्य-स्वयंसेवा (सांगली-सातारा भाग)

शास्त्रज्ञाची आरोग्य-स्वयंसेवा म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र, बायोकेमिस्ट्री, औषधशास्त्र असल्या विषयांत शिकलेल्या माणसानं आपली नोकरी सांभाळून किंवा रिटायर झाल्यावर, मानधन न घेता, तेच शिक्षण लोकांच्या तब्येतीसाठी वापरणं. पुरात भाकरी वाटणं, रक्तदान करणं ही पण सेवाच आहे, फार मोठी सेवा आहे, पण ती कुणालाही करता येते. इथं काम वेगळं आहे. पाण्यात जंतू आहेत का, रक्त गोठतंय का, हिमोग्लोबिन किती भरलं, हे मोजून बघायचं आणि मोजलेलं लोकांना त्यांच्या बोलीत परत येऊन सांगायचं. ह्यातलं परत येऊन सांगणं बऱ्याचदा राहून जातं, आणि माझ्या मते खरी सेवा तिथंच आहे, कारण नमुना नेणारे पुष्कळ येतात.

शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट घालून मोठ्या संस्थेत बसणारा माणूसच असं नाही. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवणारे सर-मॅडम, रिटायर झालेला लॅब टेक्निशियन, एमएस्सी करणारी पोरं हे सगळे ह्यात येतात. एक मर्यादा मात्र पक्की आहे, हा माणूस डॉक्टर नसेल तर त्यानं औषध लिहून द्यायचं नाही, गोळी सुचवायची पण नाही, आकडा काढायचा आणि माणसाला योग्य दारात पोचवायचं.

आधीचा इतिहास

आपल्याकडं ह्याची सुरुवात शोधायची तर प्लेगपर्यंत मागं जावं लागतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वॉल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञानं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःलाच टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना. पगार त्याला सरकारचा होता, पण स्वतःचं अंग पुढं करणं कुठल्याच नोकरीच्या अटीत बसत नाही. त्याच प्लेगात बरोब्बर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ ला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्या साताऱ्याच्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या, पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं की साथीत दोन्ही माणसं लागतात, रोग्याला उचलून नेणारं आणि रोग कशानं होतो ते शोधणारं. पुढं १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली आणि सगळा ठपका हाफकिनवर आला, तो पूर्ण पुसला जायला १९०७ उजाडलं. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचंच नाव दिलं, ती आजची हाफकिन संस्था.

मराठी माणसांतलं ह्या विषयातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण डॉ. कमल रणदिवे यांचं. जन्म १९१७, पुण्याचा. कॅन्सरवर पेशींच्या पातळीवर काम केलं, टिश्यू कल्चरची (शरीरातल्या पेशी बाहेर वाढवून अभ्यासायची) लॅब उभी केली, १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढण्यात पुढाकार घेतला. आणि रिटायर झाल्यावर घरी बसल्या नाहीत, अकोले तालुक्यातल्या आदिवासी पोरांच्या पोषणाचं काम हातात घेतलं, तिथल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. १९८२ ला पद्मभूषण मिळालं. हे अकोले अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) जिल्ह्यातलं, आपल्या भागातलं नव्हे, पण माण-खटाव किंवा जत-आटपाडीत कुणाला असलं काम सुरू करायचं असेल तर आधी हे बघावं.

सांगली-मिरजेला मात्र आपला असा पाया आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, टीबीचं काम वानलेसवाडीत झालं, कुष्ठरोगाचं पण मिरजेतच. नंतर १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि 'मिरजेला दाखवून या' हा सल्ला आजही कर्नाटकातले लोकसुद्धा ऐकतात. मूळचे साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेलाच डॉक्टर झाले, काही वर्षं दवाखाना चालवला आणि मग सगळा वेळ अंधश्रद्धा निर्मूलनाला आणि साताऱ्यातल्या व्यसनमुक्तीच्या कामाला दिला. पुरावा मागायची सवय लोकांना लावणं हे पण सार्वजनिक आरोग्याचंच काम आहे, असं मी धरतो.

पूर आणि पाणी

ह्या भागात शास्त्रज्ञाची गरज सगळ्यात जास्त भासते ती पूर ओसरल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट धरतात. पूर २००५ ला पण आला होता, २०२१ ला परत आला. पूर असताना बोट लागते, जेवण लागतं. पण पाणी उतरलं, कॅमेरे गेले, की मागं राहतात गाळानं भरलेल्या विहिरी, फुटलेल्या पाइपलाइनी आणि मेलेली जनावरं, आणि खरा आजार तिथनं सुरू होतो.

ह्या वेळेला कामाला येते ती एक छोटी बाटली. एच-टू-एस बाटली म्हणतात. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबेच्या जागी एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. मैल्यातले जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळं पडतं, अगदी शाईसारखं. वीज लागत नाही, मशीन लागत नाही. मी हे जवळनं बघितलंय. पलूसकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या आबांनी आम्हाला विहिरीचं पाणी ग्लासात घेऊन दाखवलं, "बघा की, काचेगत नितळ हाय, आमच्या आज्ज्यापास्नं पितोय." खोटं काहीच नव्हतं, पाणी खरंच नितळ होतं. आम्ही वाद घातला नाही, त्यांच्याच हातानं बाटली भरून घेतली, त्यांच्याच घरात चुलीजवळच्या फळीवर ठेवली, शेजारी दुसरी बाटली उकळून गार केलेल्या पाण्याची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर पहिली काळीकुट्ट आणि दुसरी तशीच. आबा बराच वेळ दोन्ही बाटल्या उजेडाला धरून बघत होते आणि मग सुनेला म्हणाले, "आजपास्नं उकळूनच दे गं." लॅबमधनं छापील रिपोर्ट आणून दिला असता तर हे झालं नसतं असं मला वाटतं.

बाटलीच्या मर्यादा पण सांगायलाच पाहिजेत. जंतू किती आहेत ते ती सांगत नाही, फक्त आहेत की नाहीत ते कळतं. फ्लोराइड, नायट्रेट, शेतातनं उतरलेलं औषध हे तिला दिसतच नाही, म्हणजे बाटली काळी पडली नाही तर पाणी शंभर टक्के चांगलं असं कुणी सांगू नये. फ्लोराइडची चाचणी वेगळी, पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा सोर्सच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांत ही चाचणी आधी करावी.

पुढचं काम टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, पावडर टाकायचं आणि ओटी टेस्ट करायचं काम त्याच्याकडं. ओटी म्हणजे नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. काम सोपं आहे पण हिशोब चुकतो, आणि शास्त्रज्ञ नेमका तिथं उपयोगी पडतो. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल, तर पाणी भरतं साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर ७० ग्रॅम होते. पण गढूळ पाण्यात गाळच क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळं पुरानंतर ह्या हिशोबावर थांबून चालत नाही, टाकल्यावर तासाभरानं मोजायचं, लिटरला निदान अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे, नसेल तर परत टाकायचं. आणि पावडरीचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की तिचा जोर निघून जातो, मग सत्तर ग्रॅम टाका नाहीतर किलोभर टाका, भरवसा नाही. कितीतरी ठिकाणी पोतं तोंड उघडं ठेवून कोपऱ्यात पडलेलं असतं, जलसुरक्षक प्रामाणिकपणे रोज पावडर टाकत असतो, आणि त्या पावडरीत क्लोरीनच उरलेलं नसतं. त्याला दोष देऊ नये, त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

लेप्टोस्पायरोसिस हा पुरानंतरचा दुसरा घोर. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीतनं जंतू पाण्यात-चिखलात येतो आणि पायाला भेग, जखम असेल तर तिथनं आत शिरतो. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं. चिखल उपसणाऱ्या माणसांना डॉक्टर आठवड्यातनं एकदा डॉक्सिसायक्लिन हे जंतूंवरचं औषध देतात, ते गरोदर बाईला आणि लहान पोरांना देत नाहीत. स्वयंसेवकानं करायचं ते म्हणजे गमबूट घालायला लावणं आणि तापाच्या माणसांची तारीखवार यादी ठेवणं. ही यादी कंटाळवाणी वाटते, पण कुठल्या गल्लीत ताप वाढतोय ते आरोग्य केंद्राला तिच्यावरनंच कळतं. जुलाब लागलेल्यासाठी ओआरएस, आणि ते घरच्यांच्या हातात द्यायचं, कारण १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केलं होतं, सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांकडं दिलं आणि मरणाचं प्रमाण एकदम खाली आणलं.

साप चावल्यावर

ऊसतोड, द्राक्षबागा, गोठे, सगळीकडं साप आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य, आणि 'सापाची लस' म्हणजे अँटिव्हेनम ह्या चौघांवरच काम करते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना माहीत आहे, जिवंत नाग पकडून मिरवण्यावर तिथं कोर्टानं बंदी आणली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं २०१७ मध्ये, आपल्याकडं तो प्रत्येक हंगामात घरातलं माणूस घेऊन जातो.

इथं एक टेस्ट शिकवण्यासारखी आहे आणि ती दवाखान्यातच करायची, शेतात नाही. शिरेतनं दोन मिली रक्त घ्यायचं, नव्या कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं आणि वीस मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं. मग एकदाच आडवी करायची. रक्त थिजून बसलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय. ह्यात चूक होते ती नळीत. प्लास्टिकची नळी घेतली किंवा साबणानं धुतलेली काच घेतली तर निरोगी माणसाचं रक्तसुद्धा नीट गोठत नाही आणि टेस्ट खोटं सांगते. नव्या काचेच्या नळ्यांचा एक बॉक्स ग्रामीण दवाखान्यात नेऊन देणं आणि सिस्टरांना एकदा करून दाखवणं, ही एका मायक्रोबायोलॉजीच्या प्राध्यापकाची एका रविवारची सेवा, पण तिनं जीव वाचतो. मण्यारीचं मात्र वेगळं, तिच्या विषानं रक्त बिघडत नाही, नसा लुळ्या पडतात. रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात पित्त झालं असंल. नळीतलं रक्त गोठलं म्हणून अशा माणसाला घरी पाठवायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये दहादा सांगावं.

कोविडचा काळ

मार्च २०२० ला इस्लामपुरात एका कुटुंबात रुग्ण सापडले आणि सगळ्या राज्याचं लक्ष सांगलीकडं लागलं. त्याच महिन्यात देशभरातल्या शास्त्रज्ञांनी 'इंडियन सायंटिस्ट्स रिस्पॉन्स टू कोविड-१९' नावाचा स्वयंसेवी गट केला, अफवांना उत्तरं आणि माहिती भारतीय भाषांत तयार केली. आरटीपीसीआर करता येणाऱ्या पोरापोरींनी ठिकठिकाणच्या लॅबमध्ये रात्रपाळ्या केल्या. त्यांची नावं कुठं लागली नाहीत, ह्याचं वाईट वाटतं.

पाळायचे नियम

माणसाचं रक्त किंवा थुंकी घ्यायची तर डॉक्टर किंवा नर्स बरोबर पाहिजे, आणि त्यातनं संशोधन करायचं असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि माणसाची समजून दिलेली संमती पाहिजे. सेवेच्या नावाखाली डेटा गोळा करणं चुकीचंच. कॅम्पमधला कचरा दवाखान्यातल्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमानं वेगळा करायचा, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या टणक डब्यात, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, काच निळ्यात. मी एका कॅम्पनंतर शाळेच्या मैदानात सुया पडलेल्या बघितल्यात, दुसऱ्या दिवशी तिथं पोरं खेळायला येणार होती.

आणि परत येणं. आमच्या गावात एकदा बाहेरनं टीम आली होती, पाण्याचे नमुने नेले, बायकांचं रक्त नेलं, फोटो काढले आणि परत कुणीच आलं नाही. पुढच्या टीमला बायकांनी हात पुढं केला नाही, आणि त्यांचं काय चुकलं? ॲनिमियाच्या तपासणीत हे जास्त लागतं. १२ च्या खाली हिमोग्लोबिन कमी, गरोदर असेल तर ११ च्या खाली, एवढं प्रत्येकीला तिच्याच चिठ्ठीवर लिहून मिळालं पाहिजे. बायका ही चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात. त्यामुळं ती मराठीत आणि मोठ्या अक्षरात असावी, नाव, तारीख, आकडा, त्याचा अर्थ एका ओळीत, आणि खाली उपकेंद्राचं नाव आणि सिस्टर कुठल्या वारी असतात तो वार, कारण कॅम्पची माणसं संध्याकाळच्या एसटीनं निघून जातात आणि सिस्टर तिथंच असते.