ब्रिज नेटवर्क, व्हर्च्युअल मशीनचे (लिनक्सवरील दोषशोधन)

लिनक्स संगणकात चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला (व्हीएम, म्हणजे संगणकातला आभासी संगणक) लॅनवर, म्हणजे जागेतल्या स्थानिक नेटवर्कवर, स्वतंत्र पत्ता मिळवून देणारी जोडणी म्हणजे ब्रिज. हा कर्नलमधलाच सॉफ्टवेअर स्विच असतो : एका पोर्टला खरे नेटवर्क कार्ड, दुसऱ्याला व्हीएमचे टॅप, म्हणजे तिच्या आभासी नेटवर्क कार्डाचे मुख्य संगणकातले टोक.

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातले हळदीचे अडत दुकान घ्या. मुख्य संगणक लिनक्सचा, हिशेबाचा प्रोग्राम विंडोजचा, म्हणून तो व्हीएममध्ये. व्हीएम सांभाळणारे लिबव्हर्ट हे सॉफ्टवेअर मुळात १९२.१६८.१२२ ने सुरू होणारे नॅट नेटवर्क देते, म्हणजे व्हीएम मुख्य संगणकाच्या पत्त्याआड राहते. त्यातून व्हीएम बाहेर जाते, पण शेजारच्या टेबलावरून शेतकऱ्याची पट्टी काढायला कोणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे ब्रिज लागतो.

तो चालला नाही की लोक आधी सेटिंगच बदलू लागतात. त्यापेक्षा फ्रेम (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे पाकीट) कुठे अडते ते पाहावे. व्हीएम डीएचसीपीकडे (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागत असताना टॅपवर आणि कार्डावर टीसीपीडंप हे फ्रेम दाखवणारे साधन लावावे. विचारणा टॅपवर दिसते, कार्डावर नाही, तर दोष याच संगणकात. कार्डावरून बाहेर पडते पण उत्तर येत नाही, तर पुढचा स्विच किंवा राउटर तपासावा.

संगणकातल्या दोषांत नेहमीचा म्हणजे आयपी पत्ता कार्डावरच राहणे. तो ब्रिजवर हवा. दुसरा सहज लक्षात येत नाही : त्याच संगणकावर डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारे सॉफ्टवेअर) असल्यास तो फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचे (पुढे पाठवायच्या पाकिटांच्या नियमांचे) धोरण ‘ड्रॉप’, म्हणजे टाकून देणे, असे करतो, आणि ब्रिजवरच्या फ्रेम फायरवॉलकडे नेणारे बीआर-नेटफिल्टर हे कर्नल मॉड्यूल चालू असले की ब्रिजवरच्या फ्रेमही त्यातच अडकतात. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले फेरे टाळणारी पद्धत) चालू असेल तर नवे पोर्ट १५ अधिक १५ अशी ३० सेकंदे गप्प असते. तेवढ्यात डीएचसीपी हार मानू शकतो.

वायफाय कार्ड ब्रिजला जोडण्यात मात्र वेळ घालवू नये. साध्या क्लायंटच्या वायफाय फ्रेममध्ये पत्त्यांच्या जागा तीनच. मागे लपलेल्या व्हीएमच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला) जागाच नसते, आणि ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे यंत्र) आपल्याशी जोडलेल्या पत्त्याखेरीज इतरांच्या फ्रेम घेत नाही. दुकानात तार ओढावी. ते शक्य नसल्यास नॅट ठेवून हवे तेवढेच पोर्ट (इथे ब्रिजचे नव्हे, प्रोग्रामचे क्रमांक) व्हीएमकडे फॉरवर्ड करावेत.

डिस्क आणि व्हीएमची सेटिंग हाताने कॉपी करून दुसरी व्हीएम केली असेल, तर मॅक पत्ताही बदलावा. दोघींचा एकच राहिला, तर संपर्क कधी हिला, कधी तिला मिळतो.