जुन्या लोहमार्गावरील पदभ्रमण

गाड्या बंद होऊन रूळ उखडल्यावर जिथे पायवाट झाली आहे, अशा लोहमार्गावरून जाणकार वाटाड्यासोबत गटाने केलेली पायी भटकंती. अशा वाटेला सर्वसाधारणपणे ‘रेल ट्रेल’ म्हणतात. स्पेनमध्ये १९९३ पासून तिला ‘हिरव्या वाटा’ अशा अर्थाचे नाव आहे.

डोंगरात वाटाड्या लागतो तो वाट चुकू नये म्हणून. इथे वाट चुकायला वावच नसतो, त्यामुळे त्याच्याकडे दुसरे काम येते. रूळ गेल्यावर मागे काय उरले आणि ते तसे का, हे तो गटाला दाखवतो. सुरुवात चढापासून करावी. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यात घर्षण फार कमी असते. त्यामुळे जड गाडी थोड्या ताकदीत धावते, पण चढ लागला की चाके घसरू लागतात. म्हणून मुख्य मार्गांवरचा चढ बहुधा शंभर मीटरला एक-दोन मीटरांच्या आत ठेवला जाई. त्यासाठी टेकड्या खोदल्या, सखल भागात भराव घातले, बोगदे पाडले, पूल बांधले. हा सारा खटाटोप इंजिनासाठी झाला. आज त्याच सपाटीमुळे गुडघे दुखणारे आजी-आजोबा, चाकाच्या खुर्चीतली माणसे आणि बाबागाडी ढकलणारे पालक एकाच गटात चालू शकतात. या वाटांचे सर्वांत मोठे मोल मला यातच वाटते.

वळणेही बोलकी असतात. आगगाडीला एकदम वळता येत नाही, म्हणून मूळ मार्ग लांबलचक कमानीसारखा वळत जातो. वाट मध्येच काटकोनात वळली, की तो तुकडा नंतरचा समजावा. बहुधा जवळपास एखादा पाडलेला पूल असतो आणि त्याचे दगडी खांब झाडीत उभे सापडतात. गवतात अचानक उंचावलेली सरळ दगडी कड दिसली तर तो जुना फलाट असू शकतो. पूल दोन मार्गांच्या रुंदीचा आणि वाट एकाच मार्गाची असेल, तर बांधणाऱ्यांनी किती वाहतुकीची आशा धरली होती तेही कळते.

या वाटा आल्या त्या रेल्वेच्या पडत्या काळातून. मोटारी आणि ट्रक वाढले तशा आडमार्गांवरच्या गाड्या तोट्यात गेल्या. ब्रिटनमध्ये रेल्वे मंडळाचे अध्यक्ष बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करण्याची शिफारस केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातली एलरॉय–स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची वाट १९६० च्या दशकात तयार झाली. त्या देशातल्या आरंभीच्या वाटांमध्ये तिची गणना होते. मार्ग बंद झाला की त्याखालची जमीन तुकड्यातुकड्याने मूळ मालकांकडे किंवा खरेदीदारांकडे जाते, आणि एकदा सलगता तुटली की ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य. अमेरिकेने १९८३ मध्ये यावर कायदेशीर तोड काढली: पुढे कधी गरज पडली तर रेल्वे परत आणता यावी म्हणून पट्टा अखंड राखून ठेवायचा आणि तोवर तो पायवाट म्हणून वापरायचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हा कायदा वैध ठरवला. तेव्हा अशा पट्ट्यावरून चालणारा गट कागदोपत्री अजूनही भावी लोहमार्गावरूनच चालत असतो.

इंग्लंडच्या डर्बीशरमधील मॉन्सल ट्रेलवर एक दगडी पूल लागतो. एकोणिसाव्या शतकात तो बांधला तेव्हा दरीची शोभा गेली म्हणून मोठी ओरड झाली होती. आता तोच पूल संरक्षित वास्तू आहे आणि लोक मुद्दाम तो पाहायला जातात. तिथले बोगदे कित्येक वर्षे बंद होते; ते २०११ मध्ये खुले झाले.

बोगदा हा गटाच्या शिस्तीचा कस पाहणारा टप्पा. एलरॉय–स्पार्टाच्या तीन बोगद्यांपैकी सर्वांत मोठा एक किलोमीटरहून लांब आहे. आत छतातून पाणी ठिबकते, उन्हाळ्यातही गारवा असतो, आणि विजेरीशिवाय पायाखालचे दिसत नाही. आत शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर माणसे मोजायलाच हवीत. वाटाड्या पुढे आणि एक अनुभवी माणूस सर्वांत मागे, ही रीत इथे मोडू नये. मोकळ्या वाटेवर धोका वेगळा. दोघे-तिघे गप्पा मारत शेजारी-शेजारी चालू शकतात, त्यामुळे मागून येणाऱ्या सायकलींचे भान सुटते. गटाने एका बाजूने चालावे आणि थांबायचे झाले तर वाट सोडून थांबावे.

वाटेकडेला पडलेल्या, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर बसण्याचा मोह होतो, तो टाळावा. लाकूड कुजू नये म्हणून त्यांना क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले विषारी तेल पाजलेले असते. ते जाळणे तर फारच घातक.

खडीच्या कडेची झाडे मात्र जरूर थांबून पाहावीत. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातून निसटलेली पिवळ्या फुलांची एक रानटी वनस्पती रेल्वेच्या खडीत रुजली. धावत्या गाड्यांच्या झोताबरोबर तिचे केसाळ बी पुढे सरकत गेले आणि रुळांच्या कडेकडेने ती ब्रिटनभर पोहोचली.