लुक यू टी हाउस

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात स्टॅनली स्ट्रीटवर असलेले जुने कँटनीज चहाघर. स्थापना १९३३. कँटनीज नाव 'लुक यू छा सत'. चीनमध्ये थांग राजवटीच्या काळात, आठव्या शतकात होऊन गेलेल्या लू यू या चहापंडिताच्या नावाचा कँटनीज उच्चार 'लुक यू' असा होतो. चहाविषयीचा जगातला पहिला ज्ञात ग्रंथ या लू यूचाच. 'सत' म्हणजे खोली आणि 'छा' म्हणजे चहा. मराठीतला 'चहा' हा शब्दही त्याच चिनी मुळातून आलेला आहे.

या ठिकाणाची ओळख बहुधा 'डिम सम (चहाबरोबरचे वाफवलेले, तळलेले छोटे पदार्थ) मिळणारे प्रसिद्ध हॉटेल' अशी करून दिली जाते. ती अपुरी आहे. कँटनीज माणूस अशा ठिकाणी जाताना 'याम छा'ला जातो असे म्हणतो. या शब्दांचा सरळ अर्थ चहा पिणे. बरोबर काय खाल्ले ते त्या शब्दांत येतच नाही. 'यात चुंग लेउंग गिन', म्हणजे झाकणाच्या वाडग्यातून एक चहा आणि दोन पदार्थ, एवढेच जुन्या गिऱ्हाइकाचे सकाळचे मागणे असे. दोन पदार्थ संपले तरी वर्तमानपत्र वाचत, गप्पा मारत, पानांवर पुन्हा पुन्हा गरम पाणी घेत तो तासन्‌तास बसून राही. बिलात आजही चहाचे पैसे पदार्थांपासून वेगळे आणि माणशी लावले जातात. जुन्या चहाघरातली प्रत्येक गोष्ट चहापासून सुरू केली तरच नीट समजते.

ही परंपरा मूळची दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौची, म्हणजे जुन्या कँटन शहराची. एकोणिसाव्या शतकात तिथे हमालांसाठी, कारागिरांसाठी साध्या बाकांचे गुत्तेवजा चहाअड्डे होते. चहाची किंमत दोन 'लेइ', म्हणजे अगदीच किरकोळ, म्हणून त्यांना 'यी लेइ गुन' म्हणत. पुढे दोन-तीन मजल्यांची मोठी चहाघरे, म्हणजे 'छा लाउ' आली. १९२०-३०च्या दशकांत त्यांच्याहून नेटकी, शांत आणि महागडी 'छा सत' निघाली. लुक यू या शेवटच्या पिढीतले. ते आधी विंग कुट स्ट्रीटवर होते. १९७६ मध्ये सध्याच्या जागी आले, तेव्हा जुने सामानही बरोबर आणले गेले. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या इमारतीत शिरूनही माणूस तीसच्या दशकात पोचतो. लाकडी तक्तपोशी, छताचे पंखे, रंगीत काचा, पाठीत संगमरवर बसवलेल्या काळ्या लाकडाच्या खुर्च्या, आडोसा असलेली लाकडी बाके, भिंतींवर सुलेखनाचे आणि चित्रांचे पट, आणि एके काळी सर्रास वापरात असलेल्या पितळी पिकदाण्या. हे सारे कोणी हौसेने 'जुन्यासारखे' घडवलेले नाही, वापरून जुने झाले आहे, आणि ते कळते.

बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो 'कोणता चहा?' असा. पर्याय बरेच: भाजक्या वासाचा थिट गुन याम, हलका साउ मेइ, मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांचा वास दिलेला हेउंग पिन. पण हाँगकाँगच्या चहाघरांचा खरा चहा बो लेइ, म्हणजे चीनच्या युन्नान प्रांताचा पु-अर. तो काळसर, मातकट, पोटाला सौम्य आणि तेलकट पदार्थांना उतारा. हा चहा मुरवावा लागतो. हाँगकाँगच्या दमट गोदामांत तो लवकर मुरतो हे तिथल्या व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले आणि त्या मुरलेल्या चवीचीच लोकांना सवय लागली. तीच चव थोड्या दिवसांत आणता यावी म्हणून १९७०च्या दशकात युन्नानमधल्या कुनमिंगच्या कारखान्यात पाने ओली करून ढीग लावून आंबवण्याची पद्धत विकसित झाली. चहाघरातल्या गिऱ्हाइकाच्या जिभेने हजार किलोमीटरांवरच्या कारखान्याचे काम बदलले, ही चहाच्या इतिहासातली मोठी गोष्ट मानली पाहिजे.

चहाचे शिष्टाचार थोडे पण पक्के आहेत. गरम चहाने आधी वाट्या-पेले विसळायचे. पेला भरताना आधी दुसऱ्याचा, शेवटी आपला. कोणी आपला पेला भरला की दोन बोटे टेबलावर हलकेच वाजवायची, हे आभार. वेष पालटून फिरणाऱ्या छियेनलुंग या चिनी बादशहाने सोबतच्या सेवकाचा पेला स्वतः भरला, तेव्हा त्याने ओळख फुटू नये म्हणून लोटांगणाऐवजी बोटेच वाकवली, अशी त्यामागची कथा सांगतात. किटलीत पाणी हवे असेल तर हाक मारायची नाही, झाकण कलते ठेवायचे. त्याचीही दंतकथा आहे: एकाने झाकणाखाली पक्षी लपवला, वाढप्याने पाणी घालायला झाकण उचलताच तो उडाला आणि भरपाईवरून भांडण झाले, तेव्हापासून झाकण गिऱ्हाइकानेच उघडायचे.

डिम समच्या हातगाड्या या मोठ्या हॉलच्या हॉटेलांतल्या आणि नंतरच्या. लुक यूसारख्या ठिकाणी वाढपिणी गळ्यात पट्टा अडकवून ट्रे घेऊन फिरत आणि पदार्थांची नावे पुकारत. पदार्थांची यादी दर आठवड्याला बदलायची ग्वांगचौची जुनी चालही इथे टिकली. तिच्यातला हार गाउ, म्हणजे कोळंबीचा मोदकवजा पदार्थ, आचाऱ्याची परीक्षा समजला जातो. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो तसल्याच सत्त्वाची पारी असते. ती उकळत्या पाण्यात मळतात, उकडीसारखी, आणि तेल लावलेल्या रुंद सुरीने दाबून पातळ करतात. एकाच बाजूला कळ्या पाडून ती मिटतात. वाफवल्यावर आतली गुलाबी कोळंबी दिसली पाहिजे आणि चॉपस्टिकने उचलताना पारी फाटता कामा नये.

इथला दुसरा नावाजलेला पदार्थ डुकराच्या कलेजीचा सिउ माइ, म्हणजे वरून उघडा ठेवलेला वाफवलेला मोदकवजा पदार्थ. बऱ्याच चहाघरांतून तो नाहीसा झाला आहे. कँटनीजमध्ये 'कलेजी' आणि 'कोरडा' हे शब्द सारख्याच उच्चाराचे, आणि कोरडे म्हणजे खिसा रिकामा. म्हणून कलेजीला 'येउन' म्हणतात, म्हणजे ओलसर. आपण बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो, तोच हा भाव.

दुधासारखे पांढरे फुप्फुसाचे सूप मात्र मुद्दाम वेळ काढून घ्यावे असे आहे. डुकराच्या फुप्फुसात श्वासनलिकेतून पाणी भरायचे, पिळायचे, पुन्हा भरायचे, ते पांढरे शुभ्र होईपर्यंत. मग जर्दाळूच्या बियांतला गर वाटून काढलेल्या दुधात ते तासन्‌तास शिजवतात. खोकल्याला आणि छातीला हे चांगले, असे तिथे घरोघरी मानतात. असे पदार्थ मागे पडतात ते चवीमुळे नाही. नळाखाली उभे राहून फुप्फुस धुणारा हात मिळत नाही म्हणून.

२००२ मध्ये सकाळच्या चहाला आलेल्या एका उद्योजकाचा इथे गोळ्या घालून खून झाला होता. त्या घटनेमुळेही हे नाव बऱ्याच जणांच्या लक्षात राहिले.

मुंबईचा कँटनीज लोकांशी संबंध जुना आहे. माझगावमधले सी यूप देऊळ ग्वांगतुंग प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्या मंडळींचे. पण आपल्याकडच्या गाडीवरच्या चायनीजचा लसूण-मिरचीचा झणका मनात धरून लुक यूमध्ये गेलेल्याला पहिला घास फिका लागेल. तिथे चव मसाल्यात शोधायची नसते. ती कोळंबीच्या ताजेपणात आणि पारीच्या पातळपणात असते, आणि दर दोन घासांमध्ये बो लेइचा एक घोट घेतला तरच पुढच्या घासाला जीभ मोकळी होते.