दुर्बीण आवरताना: दव, बुरशी आणि गंज
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"दुर्बीण पावसात कधी ठेवलीच नाही, मग आरशावर डाग कसे?" दर हिवाळ्यानंतर हा प्रश्न आमच्याकडे येतो. खानदेशात आकाश बघायचा हंगाम हिवाळ्याचा आणि दवाचाही तोच. रावेर-यावलकडे केळीच्या बागेजवळ किंवा गिरणेच्या काठी दुर्बीण लावली, की मध्यरात्रीनंतर नळीवर बोट फिरवलं तरी पाण्याचा ओघळ येतो.

दवाने लगेच काही बिघडत नाही. बिघडतं ते आवरताना. पहाटे झोप अनावर झालेली असते. ओल्या दुर्बिणीलाच झाकण लागतं आणि ती फोमच्या पेटीत जाते. फोम ओल धरून ठेवतो, दिवसा पेटी तापते आणि काही आठवड्यांत आरशावर, आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. बुरशीतून सुटणारं आम्ल कोटिंग, म्हणजे वरचा पातळ थर, खातं. बुरशी काढता येते, खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. मग आरशावर नव्याने अ‍ॅल्युमिनियम चढवावं लागतं. हे वॉरंटीत बसत नाही, कारण दोष मालाचा नसतो.

झाकण लावण्याआधी दुर्बीण पूर्ण कोरडी हवी. बाहेर वीज असेल तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून हातभर अंतरावरून फिरवा. नसेल तर घरात आणा, झाकणं काढा, आयपीस वेगळे करा, नळी आडवी ठेवा आणि सकाळी बंद करा. दुर्बीण कोरडीच असेल तर मात्र उलट करा: बाहेरच झाकण लावून पेटीत भरा आणि घरात आणल्यावर दोन-तीन तास पेटी उघडू नका. गार काच उबदार खोलीत उघडी आली, की तिच्यावर वाफ धरते.

भिंगाच्या दुर्बिणीला पुढे ड्यू शील्ड, म्हणजे दव अडवणारी नळी, लावा. लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ८० मिमीला १२० मिमी. काळ्या फोमची घरीही करता येते. तयार आमच्याकडे मिळते.

आरसा कापडाने पुसू नका, मऊ सुती कापडानेही नाही. धुळीचे कण कोटिंगवर ओरखडे पाडतात. आम्ही डिस्टिल्ड वॉटरने धुऊन आरसा उभा वाळवतो. वेळ लागतो, म्हणून "तासाभरात करून द्या" म्हटलं तर नाही म्हणतो.

गंज आधी काउंटरवेटच्या (तोल सांभाळणाऱ्या वजनाच्या) दांड्यावर आणि ट्रायपॉडच्या बोल्टवर दिसतो. कोरडं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात द्या. गंज सोडवायचा स्प्रे गिअरमध्ये मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. डॉब्सोनियनचा (जमिनीवरच्या पेटीसारख्या पायावर फिरणाऱ्या आरशाच्या दुर्बिणीचा) पाया पार्टिकल बोर्डचा असेल तर कडांना वॉर्निश लावा. ओल तिथूनच शिरते आणि बोर्ड फुगतो. धाब्याच्या घरात भिंतीपासून वीतभर दूर, पाटावर ठेवा.

प्लॅस्टिकचं कव्हर आम्ही मुद्दाम देत नाही. त्याखाली ओल कोंडते. सुती कव्हर हवा खेळू देतं. पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. आम्ही केशरी दाण्यांचं देतो. हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास वाळवून पुन्हा वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.

पावसाळी तपासणीसाठी दुर्बीण मेअखेरपर्यंत आणा. डाग दिसत असले तरी न पुसता, जशी आहे तशीच.