चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासमार्ग शस्त्रक्रियेनंतरची निगा

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग, शिह त्झू अशा जातींच्या कुत्र्यांचा श्वासमार्ग शस्त्रक्रियेने मोकळा केल्यावर सूज, अन्न उलटून येणे आणि उष्णता यांपासून त्यांचा श्वास सांभाळण्याची पद्धत. माणसाने हौसेपोटी केलेल्या पैदाशीत या जातींची कवटी आखूड होत गेली. आतले मऊ भाग मात्र त्या मानाने घटले नाहीत. म्हणून नाकपुड्या चिमटलेल्या आणि मऊ टाळू घशात लोंबणारा. शस्त्रक्रियेत नाकपुड्या रुंद करतात, टाळूचा जादा भाग कापतात आणि स्वरयंत्राजवळच्या उलटलेल्या पिशव्या गरजेप्रमाणे काढतात.

पहिले २४ तास सर्वांत धोक्याचे. ज्या जागी कापले तीच जागा सुजते आणि मोकळा केलेला मार्ग पुन्हा अरुंद होतो. त्यामुळे भुलीसाठी श्वासनळीत घातलेली नळी कुत्रे पूर्ण शुद्धीवर येऊन ती चावू लागेपर्यंत काढत नाहीत. नंतर त्याला छाती जमिनीला टेकवून पालथे ठेवून मान सरळ, जीभ बाहेर आणि प्राणवायू चालू ठेवतात. सूज वाढल्यास स्टेरॉइड व अ‍ॅड्रिनॅलिनची वाफ देतात. त्यानेही न भागल्यास गळ्याला तात्पुरते छिद्र पाडून नळी बसवतात. रात्रभर जागे माणूस नसेल तिथे हे ऑपरेशन करून घेऊ नये.

पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. ते टाळण्यासाठी आम्लता व मळमळ कमी करणारी औषधे देतात आणि खाणे मऊ, थोडेथोडे, लाडवासारखे गोळे करून. सोलापुरी घरात ताटातला तुकडा कुत्र्याला टाकायची सवय असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टाळूची जखम भरेपर्यंत वर्ज्य. घरातली आयब्युप्रोफेनची गोळी तर कधीच देऊ नये. स्टेरॉइडसोबत तिने जठराला व्रण पडतात.

खरी कसोटी उन्हाची. कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. धापेने सुजलेला घसा आणखी सुजतो, त्याने धाप वाढते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो, तेव्हा तातडी नसेल तर शस्त्रक्रिया थंडीत ठरवावी. शस्त्रक्रियेसाठी पुण्याला नेले असेल तर सुमारे २५० किलोमीटरचा परतीचा प्रवास रात्री किंवा एसी गाडीतून करावा. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, पावसाळी दमटपणात त्याचा उपयोग नाही. थंडीचीही एक अडचण आहे: संक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रेचे (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे) शोभेचे दारूकाम असते. आवाजाने बिथरलेले कुत्रे धापा टाकते, म्हणून त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावे.

घरी आल्यावर गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरतात. दोनएक आठवडे धावाधाव बंद. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास, निळसर हिरड्या, श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज किंवा १०४ अंश फॅरनहाइटवर गेलेला ताप दिसला तर लगेच दवाखाना गाठावा. ताप उन्हाचा असेल तर निघण्याआधीच अंगावर साधे पाणी ओतून पंखा लावावा, तोंडात मात्र पाणी घालू नये.

घोरणे पूर्ण थांबेलच असे नाही. स्वरयंत्राच्या कूर्चा (त्याला आधार देणारे लवचीक भाग) आधीच ढासळल्या असतील किंवा वजन जास्त असेल तर त्रास उरतो, आणि यांतले वजन तेवढे मालकाच्या हातात असते.