आतड्यातले न्यूरोपेप्टाइड, त्यांचे रिसेप्टर आणि ट्यूमर

पोट-आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी आणि तिथल्याच हार्मोन सोडणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला प्रोटीनचे जे बारीक तुकडे सोडतात ते न्यूरोपेप्टाइड. सबस्टन्स पी, न्यूरोटेन्सिन, व्हीआयपी (व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड), सोमॅटोस्टॅटिन, जीआरपी (गॅस्ट्रिन-रिलीझिंग पेप्टाइड) ही त्यातली नेहमीची नावं. पेशीच्या आवरणावर याच तुकड्यांसाठी बसलेला रिसेप्टर असतो, निरोप तिथं चिकटला की पेशी कामाला लागते किंवा थांबते, आणि कॅन्सरची पेशीसुद्धा हेच रिसेप्टर वापरते म्हणून हा विषय नुसता पचनापुरता राहत नाही.

कोल्हापुरात हे समजायला तांबडा रस्साच पुरे आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूच्या टोकावरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला लागतं (हा डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं १९९७ ला शोधला, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं), आग झाल्याचा निरोप मेंदूकडं जातो आणि त्याच वेळी ते टोक तिथल्या तिथं सबस्टन्स पी सोडतं, मग रक्तवाहिन्या फुगतात, आतडं जोरात हलायला लागतं. वरची तेलाची तर्री पुढं लहान आतड्यात पोचली की तिथल्या पेशी सीसीके (कोलेसिस्टोकायनिन) हे हार्मोन सोडतात आणि पित्ताशय आवळतं, आणखी खाली न्यूरोटेन्सिन सुटतं. एवढी सगळी यंत्रणा एका वाटीमागं चालते. पण म्हणून रस्सा खाऊन ट्यूमर होतो असं यातून कुणी काढू नये, तसं अजिबात सिद्ध झालेलं नाही.

सबस्टन्स पी सगळ्यात जुना, १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना तो घोड्याच्या आतड्यात आणि मेंदूत सापडला. त्यात ११ अमिनो ॲसिड आहेत हे कळायला १९७१ उजाडलं. न्यूरोटेन्सिन १९७३ चा, १३ अमिनो ॲसिडचा, तो पहिल्यांदा गाईच्या मेंदूतून काढला. बॉम्बेसिन तर बेडकाच्या कातडीत मिळालं आणि जीआरपी हे त्याचं आपल्या शरीरातलं भावंड.

आता पेशीच्या आत काय होतं ते. यातले बहुतेक रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेले असतात आणि आतल्या बाजूला जी-प्रोटीन जोडलेलं असतं. न्यूरोटेन्सिन, सबस्टन्स पी किंवा जीआरपी लागलं की आत कॅल्शियम वाढतं, पुढं एमएपी कायनेज या निरोप पुढं ढकलणाऱ्या एन्झाइमची साखळी सुरू होते आणि ती थेट पेशीच्या केंद्रकाला वाढ, विभागणी कर असं सांगते. चांगल्या पेशीत हे कामापुरतं होऊन थांबतं. ट्यूमरमध्ये रिसेप्टर जास्त संख्येनं उगवतात, जसं की मोठ्या आतड्याच्या निरोगी अस्तरात न्यूरोटेन्सिनचा एनटीएसआर१ रिसेप्टर फारसा नसतो पण तिथल्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दिसतो. काही ट्यूमर तर पेप्टाइड स्वतःच बनवतात आणि स्वतःच्याच रिसेप्टरला लावून घेतात. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये हे १९८५ मध्ये दाखवलं गेलं, बॉम्बेसिनसारख्या पेप्टाइडला अडवणारी अँटिबॉडी दिली की लॅबमध्ये आणि उंदरांत त्या पेशींची वाढ कमी झाली.

मग रिसेप्टरच बंद केला तर? सबस्टन्स पीचा एनके१ रिसेप्टर अडवणारं ॲप्रेपिटंट २००३ पासून अमेरिकेत वापरात आहे पण ते केमोच्या उलट्या थांबवायला. लॅबमध्ये ते काही कॅन्सरपेशी मारतं हे खरं, मात्र माणसात कॅन्सरवरचं औषध म्हणून ते ठरलेलं नाही.

सोमॅटोस्टॅटिनची गोष्ट उलटी आणि सगळ्यात उपयोगाची. हा थांबवणारा निरोप, त्याचे पाच रिसेप्टर आहेत, ते पेशीतलं सीएएमपी (आत निरोप पोचवणारा रेणू) उतरवतात, स्राव कमी करतात, विभागणीला लगाम घालतात. रक्तात तो दोन-तीन मिनिटंच टिकतो म्हणून ऑक्ट्रिओटाइड हे टिकाऊ रूप तयार केलं, त्याला अमेरिकेत १९८८ मध्ये मंजुरी मिळाली. आतड्याच्या आणि स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवर (म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींपासून झालेल्या ट्यूमरवर) सोमॅटोस्टॅटिनचे एसएसटीआर२ रिसेप्टर भरपूर असतात तिथं हे लागू पडतं, २००९ च्या प्रोमिड ट्रायलमध्ये ट्यूमर वाढायला लागायचा मध्यक (मीडियन) काळ ६ महिन्यांवरून १४.३ महिन्यांवर गेला. मोठ्या आतड्याच्या नेहमीच्या कॅन्सरवर हे रिसेप्टर सहसा पुरेसे नसतात, त्यामुळं तिथं हा मार्ग चालत नाही. इरफान खाननी २०१८ मध्ये स्वतः सांगितलेला आजार याच न्यूरोएंडोक्राइन गटातला.

आपल्याकडची खरी अडचण निदानाची आहे. चेहरा अचानक लाल होणं आणि सतत जुलाब ही यातली ओळखीची लक्षणं (हा त्रास बहुतेक वेळा ट्यूमर लिव्हरमध्ये पसरल्यावर सुरू होतो, कारण त्याआधी लिव्हर ते स्राव मोडून टाकतं), व्हीआयपी सोडणारा ट्यूमर असेल तर दिवसाला तीन लिटरच्या वरही पाण्यासारखे जुलाब होतात आणि पोटॅशियम खाली जातं. इथं मात्र घरात पहिलं वाक्य ठरलेलं, तिखट सोसलं नाही, पित्त झालं. रात्री उपाशी पोटीसुद्धा न थांबणारे जुलाब तिखटाचे नसतात, हे ठळकपणे सांगायला हवं. आणखी एक, क्रोमोग्रॅनिन-ए ही या ट्यूमरसाठीची रक्ततपासणी पॅन्टोप्राझोलसारख्या पित्ताच्या गोळ्या चालू असताना खोटी वाढलेली येऊ शकते, म्हणून तपासणीआधी आपण घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत.

सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर किती आहेत ते गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनमध्ये दिसतं (डोटाटेट म्हणजे त्याच रिसेप्टरला चिकटणारं सोमॅटोस्टॅटिनसारखं पेप्टाइड, त्याला किरणोत्सर्गी गॅलियम जोडलेलं असतं). ते भरपूर असतील तर त्याच डोटाटेटला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडून सलाईनमधून देतात, म्हणजे रेडिएशन थेट त्या पेशीपर्यंत. भारतात हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव रिॲक्टरमध्ये तयार करतात, आणि कोल्हापूरचे पेशंट या उपचाराला बऱ्याचदा मुंबई गाठतात. या उपचाराच्या नेटर-१ ट्रायलमध्ये आठ-आठ आठवड्यांनी चार डोस दिले, २० महिन्यांनंतर ट्यूमर न वाढता राहण्याचं प्रमाण ६५.२ टक्के होतं आणि नुसत्या ऑक्ट्रिओटाइडच्या मोठ्या डोसवर १०.८ टक्के. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून त्याच दिवशी लायसिन-आर्जिनिन या अमिनो ॲसिडचं वेगळं सलाईन काही तास चालू ठेवतात, किडनी ते औषध कमी शोषून घेते.