मेंदूतली गाठ आणि न थांबणाऱ्या फिट्स : शेकासाठी जन आरोग्य योजनेतून मंजुरी कशी घ्यावी

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही फिट्स येतच राहिल्या तर त्या औषधांना न जुमानणाऱ्या मानतात. कारण मेंदूतली गाठ असेल, विशेषतः हळू वाढणारा ग्लायोमा, तर रेडिएशनने, म्हणजे शेकाने, फिट्स बऱ्याचदा कमी होतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत वर्षभरानंतर फिट येणारे रुग्ण लवकर शेक दिलेल्यांत २५ टक्के, तर शेक लांबणीवर टाकलेल्यांत ४१ टक्के होते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी मिळते ती गाठीच्या उपचाराला, फिट्सना नव्हे. केस पेपरवर नुसतं 'एपिलेप्सी' लिहिलेलं असेल तर प्रकरण अडतं. निदानात गाठीचा प्रकार आणि ग्रेड, म्हणजे ती किती झपाट्याने वाढणारी आहे, हे लिहून घ्या.

पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि आता पांढरं रेशन कार्डही चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असून भागत नाही, तिथला रेडिएशन विभागही योजनेत हवा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारून मगच निघा.

पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे, जा. योजना कॅशलेस आहे, आधी भरलेले पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. सोबत रेशन कार्ड, रुग्णाचं आधार, बायोप्सी रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म आणि सीडी, ऑपरेशन झालं असल्यास डिस्चार्ज कार्ड, रेडिएशन डॉक्टरांचा उपचार आराखडा न्या. यावरून रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन पाठवतं. सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, रेशन कार्डात नावच नाही, अशी कितीतरी प्रकरणं अडकतात. तहसील कार्यालयात नाव चढवायला वेळ जातो, म्हणून बायोप्सीची वाट न पाहता हे काम आधी उरका.

फिट्सची वही सुरू करा. तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणता हात-पाय, शुद्ध गेली का, गोळी चुकली होती का. ही वही मंजुरीपेक्षा डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते.

नेहमीचा शेक रोज १.८ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), एकूण ५०.४ ते ५४ ग्रे. म्हणजे २८ ते ३० बैठका, आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. राहायची सोय त्या हिशोबाने बघा. आधी चेहऱ्याचा जाळीदार मास्क बनवतात. गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक चेहऱ्यावर बसवतात आणि थंड झालं की ते कडक होतं. उपचाराच्या वेळी तो टेबलाला घट्ट अडकवतात, त्यामुळे टेबलावर फिट आली तर रुग्णाला स्वतः सुटता येत नाही. तंत्रज्ञांना रोज आठवण करा, हाताची खूण ठरवून घ्या आणि सकाळची फिटची गोळी मुळीच चुकवू नका.

फेनिटॉइन हे फिटचं औषध चालू असेल तर शेक सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा. या जोडीने क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठतं. पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर त्याच दिवशी दाखवा. गोळी मनानेच बंद करू नका, फिट्स थांबल्या तरी नाही.